नंबर दिंडीला असतो

पन्नास वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून संध्याकाळी मंदिरात मुलांकडून हरिपाठ म्हणवून घेतो. परवा दुसरीतल्या एका मुलीने सत्तावीसही अभंग न अडखळता म्हटले. मी शाबासकी दिली, तर तिने विचारले, "बाबा, माझा नंबर कितवा?" मला उत्तर सुचेना.

हा प्रश्न त्या लेकराला आपण शिकवला. सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, रात्री गृहपाठ, वर "शेजारच्याला किती मार्क पडले?" ही उलटतपासणी. मग सात वर्षांच्या पोराचे पोट नेमके शाळेच्या वेळेलाच का दुखते, म्हणून आपण डॉक्टरांचा उंबरा झिजवतो.

"महाराज, स्पर्धेचे युग आहे," असे मला सांगतात. पण सरकारी कागदही तुमच्या बाजूने नाही. प्रा. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षण १९९३ सालीच मागितले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारच नव्हे, मानसिक छळही वर्ज्य केला. २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको.

अभ्यास नको, असे मी म्हणत नाही. पाठांतर आम्हीही पहाटे उठून घोटले. पण मूल टिकते कशाने, ते भजनात बघा. पोराचा टाळ चुकला तर कोणी लाल रेघ मारत नाही. शेजारचा जाणता आपला टाळ जरा ठासून वाजवतो, पोर पुन्हा ठेक्यात येते. पावलीही चुकत चुकतच बसते. चुकायला मोकळीक आणि शेजारी सोबत असते, म्हणून ते उद्या पुन्हा येते.

आणि आपण काय केले? हरिपाठाच्याही स्पर्धा लावल्या, ढाली वाटल्या. परीक्षक म्हणून मीही बसलो. तो दोष माझ्या पदरी आहे. देवळातही नंबर आला, तर लेकराने विसावायचे कुठे? काल्यात सगळ्यांची शिदोरी एकत्र होते. पेंद्याची शिळी भाकर कोणी बाजूला काढत नाही.

मायबाप, आज घरी मार्क विचारू नका. "आज काय नवीन कळले?" एवढे विचारा आणि शेजारी बसून ऐका.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, "बाळ, नंबर दिंडीला असतो, वारकऱ्याला नसतो." ती हसली आणि टाळ घेऊन उभी राहिली.

रामकृष्ण हरि!