पहिली जीप निवडताना

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीवर हात बसवू पाहणारा नवशिका मेकॅनिक बहुधा इंजिनाचा आवाज ऐकून आणि रंग पाहून सौदा ठरवतो, आणि ही घाई त्याला पुढे महागात पडते. कारण इंजिन उतरवून, बोअर करून, रिंगा-बेअरिंगे बदलून पुन्हा उभे करता येते, परंतु आतून कुजलेली चासी आणि न जुळणारी कागदपत्रे यांवर गॅरेजात इलाज नसतो. म्हणून आधी आरसी, मग चासी, त्यानंतर ट्रान्स्फर केस व ॲक्सल, आणि सर्वांत शेवटी इंजिन, असा तपासणीचा क्रम असावा.

जीपच्या बाबतीत कागदपत्रांचा प्रश्न विशेष बिकट आहे. अनेक पेट्रोल जीपमध्ये पुढे डिझेल इंजिने बसवली गेली, काही टू-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना नंतर पुढचा चालता ॲक्सल जोडला गेला, आणि हरियाणातील डबवालीत तर जुन्या भागांतून जीप उभी करण्याचा धंदाच वाढला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करू देत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि नंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला उभी राहिली, की इंधनाच्या किंवा चासी क्रमांकाच्या नोंदीतील तफावत उघडी पडते. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली खरी, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

चासी क्रमांकाची जागा वायर ब्रशने स्वच्छ करून, अक्षरांभोवती वेल्डिंगचा किंवा घासल्याचा माग आहे का, ते उजेडात पाहावे. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे बसतात तिथे हातोडीने ठोकावे, कारण चिखल-पाणी तिथेच साचते. शाबूत लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. कोकणपट्टीत राबलेल्या गाडीत खाऱ्या हवेमुळे चॅनेल आतून खाल्ले गेलेले असतात आणि ताजा काळा रंग ते सहज झाकतो.

ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्समागची, इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या ॲक्सलकडे वाटणारी पेटी. जुन्या जीपमध्ये दोन्ही ॲक्सलमधील वेगाचा फरक सामावणारा मधला डिफरन्शियल नसतो. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळण घेतल्यास पुढच्या-मागच्या चाकांचे अंतर जुळत नाही आणि तो ताण शाफ्ट व गिअरांवर साठत जातो. पूर्वीच्या मालकाने गाडी अशी वापरली असेल, तर लिव्हर अडकतो किंवा लो रेंजमध्ये चढ चढताना गिअर सुटतो. पुढचे चाक जॅकवर उचलून टायर वर-खाली धरून हलवल्यास किंगपिन बेअरिंगची किंवा व्हील बेअरिंगची ढिलाई हाताला कळते. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे, तरीही चाक हलले तर दोष किंगपिनचा.

शिकण्यासाठी सर्वांत योग्य गाडी म्हणजे विलीजच्या परवान्याने मुंबईत बनलेली महिंद्रची पेट्रोल सीजे-३बी, पण ती मूळ इंजिनासह पूर्ण असावी. तिच्या २१९९ सीसी हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे एकाच इंजिनावर दोन्ही रचनांचा अभ्यास होतो, शिवाय कार्बुरेटर, पॉइंट आणि टायमिंग ही कामे स्वतःच्या हाताने करता येतात. ती न मिळाल्यास प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाची एमएम-५४० घ्यावी; तिचे सुटे भाग अधिक सहज मिळतात, मात्र फ्युएल पंप व नोझल पंपवाल्याकडेच न्यावे लागतात. मारुतीची जिप्सी हलकी आणि चालवायला गोड असली, तरी तिच्या फ्लोअरचा पत्रा आधी पाहावा. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातील जोंगाचे जवळपास चार लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन मोह घालते. पण तिचे भाग शोधण्यातच नवशिक्याचा उत्साह विरून जातो.

अनुभवी मेकॅनिकांना विनंती एवढीच, की शिकाऊ मुलाने गाडीचा बयाणा देण्यापूर्वी त्याच्यासोबत एकदा जावे आणि आरसी हाती घेऊन त्याला गाडीखाली शिरायला लावावे.