सही कर्नलची, सुविचार कोणाचा?



अमेरिकी लष्करात अधिकृत ईमेलच्या सहीखाली सुविचार टाकायला मनाई आहे, ही सैनिकांची मुस्कटदाबी, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. हुद्द्याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. कर्नलच्या नावाखाली बायबलमधले वचन आले, तर ज्यू, हिंदू किंवा नास्तिक शिपायाने हरकत कोणाकडे घ्यायची? त्याची बढती ज्याच्या शेऱ्यावर अवलंबून, त्याच्याकडेच? २००५ साली स्थापन झालेल्या ‘मिलिटरी रिलिजस फ्रीडम फाउंडेशन’ने अशा वचनांविरुद्ध तक्रारी लढवल्या, त्या उगाच नव्हेत. शिवाय तिथल्या कागदी लष्करी पत्रातही सहीखाली नाव, हुद्दा, पद एवढेच असते. खासगी ईमेलवर त्याच कर्नलने खुशाल दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांची वाक्ये मिरवावीत (त्यांतली बरीच पॅटनच्या तोंडी नंतर घातलेली, ते सोडा).

मला खटकते ते वेगळेच. अमेरिकी हवाई दलाने डिसेंबर २०२१मध्ये सहीत स्वतःची सर्वनामे (‘ही/हिम’, ‘शी/हर’ अशी) लिहिण्याची मुभा दिली आणि २०२५च्या आरंभी, सरकार बदलताच, ती काढून घेतली. पत्रलेखकांनी त्यावर लिहिले असते, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

— एक वाचक, नाशिक