रोटा बदलला त्या आठवड्यात

नाताळची गर्दी ओसरली की ब्रिटनमधल्या दुकानांच्या रोट्यात, म्हणजे कामाच्या वेळापत्रकात, एक बदल गुपचूप होतो. डिसेंबरात आठवड्याला चोवीस तास मिळणाऱ्या बाईच्या नावापुढे जानेवारीत चौदाच उरतात. तिला कुणी काढलेले नसते. "सध्या धंदा थंड आहे, मार्चमध्ये बघू," एवढेच मॅनेजर म्हणतो. नोकरी गेली असती तर महाराष्ट्र मंडळातल्या चार घरांतून फोन आले असते, कुणी सीव्ही मागवून घेतला असता. तास गेले तर कुणी विचारत नाही, आणि तीही कुणाला सांगत नाही. मुलीचा कथकचा क्लास "या टर्मला राहू दे" म्हणत सुटतो, भारतात आईला पाठवायचे पैसे पुढच्या महिन्यावर ढकलले जातात, किराणा क्रेडिट कार्डावर चढतो. तीन-चार महिने असेच निघून जातात.

ब्रिटनच्या कायद्याला मात्र तास जाणे दिसते. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे बेकारांचा भत्ता, हा समज मंडळींत पक्का बसला आहे, पण तो अर्धाच खरा आहे. २०१३ मध्ये मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइनमध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा तिच्यात जुने सहा भत्ते एकत्र करायचे ठरले होते, आणि त्यांतला एक, वर्किंग टॅक्स क्रेडिट, नोकरी करणाऱ्यांचाच होता. त्या जुन्या भत्त्याला तासांची अट होती. मुलांना एकट्याने सांभाळणाऱ्या आईचे काम सोळा तासांच्या खाली गेले की काही आठवड्यांत भत्ता बंद, म्हणजे गरज वाढली की मदत थांबायची. आता तासांची ती रेषा नाही. हातात पडणारा पगार घसरला की भत्ता चढतो, वाढला की उतरतो.

किती, ते २०२५-२६ च्या दरांनी एका हिशोबात पाहू. हॅरोमध्ये भाड्याने राहणारी, इथे कायम वास्तव्याचा हक्क असलेली, शाळकरी मुलीला एकटीने वाढवणारी बाई धरा. किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स. चोवीस तासांत कर आणि नॅशनल इन्शुरन्स वजा जाता तिच्या हाती महिन्याला सुमारे १२०८ पौंड येतात. चौदा तासांवर आली की ७४१. म्हणजे ४६७ पौंडांची खोट. मूल असल्यामुळे आणि घरभाड्याची मदत धरल्यामुळे पगारातले पहिले ४११ पौंड हिशोबातून बाजूला ठेवले जातात. त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे भत्त्यातून ५५ पेन्स कापले जातात. पगार घटला तर ही कापणीही घटते, आणि या बाईचा भत्ता सुमारे २५७ पौंडांनी वाढतो. खोट भरून निघत नाही, पण ती २१० पौंडांवर येते. महिनाअखेरीला एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

गंमत म्हणजे ही बाई चोवीस तास काम करत होती तेव्हाही पात्र होती. तिच्यासाठी मूळ भत्ता ४०० पौंडांचा, मुलीसाठी सुमारे २९३, शिवाय भाड्याचा ठरलेला हिस्सा. त्यातून पगारापोटी ४३८ वजा. तास कमी होण्याची वाट पाहण्याची तिला गरजच नव्हती. अशा घरांना कुणी हे सांगितलेले नसते, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी अंकांपासून मॉर्टगेजच्या दरांपर्यंत सगळे येते, हे मात्र येत नाही.

तास घटल्याचा आणखी एक परिणाम होतो. महिन्याची कमाई ठरावीक मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये ९५२ पौंड) खाली गेली की जॉबसेंटरच्या, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाच्या, लेखी माणूस पुन्हा काम शोधणाऱ्यांत मोडतो. आपल्या हिशोबातल्या बाईला चोवीस तासांवर कुणी हटकत नव्हते. चौदा तासांवर तिथला सल्लागार, म्हणजे वर्क कोच, तिला वरचेवर बोलावणार, किती ठिकाणी अर्ज केले ते विचारणार. पंधरा वर्षे काम केलेल्या बाईला हे अपमानास्पद वाटते, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. पण मॅनेजरने तास कमी केल्याचा ईमेल किंवा जुन्या-नव्या रोट्याचा मोबाईलवर काढलेला फोटो जवळ असला तर बोलणे सोपे जाते. काम आपणहून कमी केले असे दिसले, तर भत्त्याला कात्री लागू शकते.

उशीर मात्र परवडत नाही. अर्ज केला त्या दिवसापासूनच मोजणी सुरू होते. मागच्या तारखेपासून पैसे फार तर एका महिन्याचे मिळतात, तेही आजारपणासारखे ठरावीक कारण असेल तरच. "मला माहीत नव्हते" हे कारण चालत नाही. जानेवारीत तास गेले आणि एप्रिलमध्ये अर्ज केला, तर मधले महिने बुडाले. त्यात पहिला हप्ता हाती यायला पाच आठवडे लागतात. तोपर्यंत आगाऊ रक्कम मागता येते, पण ते कर्ज असते आणि पुढच्या हप्त्यांतून ते वळते होते.

आता लाजेबद्दल. "आपल्यात कुणी बेनिफिट घेत नाही" हे वाक्य वेम्बलीपासून मिल्टन कीन्सपर्यंतच्या मराठी दिवाणखान्यांत ऐकू येते, आणि त्यात अभिमान असतो. तो अभिमान नीट तपासायला हवा. पुण्या-मुंबईत नोकरी केलेल्या मंडळींना पगारपत्रकावरची 'पीटी' आठवत असेल: दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. दुष्काळात शेतावरचे काम आटले की माणसाने काम मागावे आणि सरकारने ते द्यावे, असा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या कल्पनेत मागणारा याचक नव्हता, हक्कदार होता. शहरी पगारदारांनी त्यासाठी पैसे भरले आणि कुणी त्याला भीक म्हटले नाही. इथल्या पेस्लिपवरची नॅशनल इन्शुरन्सची ओळ त्याच जातीची आहे. वर्षानुवर्षे ती कापून घेतलेल्या बाईने गरजेच्या वेळी अर्ज केला, तर चार लोकांत मान खाली घालण्याचे कारण कोणते?

मात्र हक्क कुणाचा, हे आधी पाहावे लागते, आणि इथे व्हिसा आडवा येतो. वर्क व्हिसावर आलेले, त्यांचे डिपेंडंट, स्पाउस व्हिसावर नव्याने आलेली सून, यांच्या ई-व्हिसावर सार्वजनिक निधी घेता येणार नाही असे सहसा लिहिलेले असते. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, कौन्सिल टॅक्समधली गरिबांसाठीची सूट हे सगळे त्या निधीत येते. मैत्रिणीने भरला म्हणून आपणही फॉर्म भरला, तर पुढे कायम वास्तव्याच्या अर्जात तो डाग निस्तरावा लागतो. नवरा ब्रिटिश आणि बायको अशा व्हिसावर असेल, तर नवऱ्याला अर्ज करता येतो, पण भत्ता एकट्याच्या दराने मिळतो. मौज अशी की तिचा पगार आणि बचत मात्र पूर्ण धरली जाते.

या मंडळींना एक दार उघडे आहे. न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स हा भत्ता नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीवर मिळतो, सार्वजनिक निधीच्या यादीत तो नाही. मागच्या दोन करवर्षांत पुरेशी वर्गणी भरलेली हवी, काम आठवड्याला सोळा तासांहून कमी हवे, आणि दुसरी नोकरी धरायची मोकळीक हवी, म्हणून एकाच मालकाच्या प्रायोजनावर आलेल्यांनी आधी वकिलाला विचारलेले बरे. घरातली बचत किंवा नवऱ्याचा पगार इथे पाहिला जात नाही. त्यामुळे आयटीतल्या सुस्थितीतल्या घरातल्या बाईलाही तो मिळू शकतो. पंचवीस वर्षांवरच्यांना २०२५-२६ मध्ये आठवड्याला ९२ पौंड ५ पेन्स मिळत, फार तर सहा महिने. पण फार आशा लावू नये. स्वतःच्या कमाईतले फक्त पाच पौंड सोडून बाकी सगळे यातून वजा होते, त्यामुळे किमान वेतनावर आठ तास काम असले तरी हाती शून्य येते. झीरो-अवर, म्हणजे तासांची हमी नसलेल्या, करारावर असलेल्या आणि आठवडेच्या आठवडे एकही शिफ्ट न मिळालेल्या माणसालाच त्याचा खरा उपयोग.

युनिव्हर्सल क्रेडिटकडे परत यायचे तर तिथे बचतीची मर्यादा १६ हजार पौंडांची आहे, जोडप्याची मिळून. सहा हजारांच्या वर गेले की भत्ता थोडा थोडा घटतो. मराठी घरांची गाडी नेमकी इथे अडते, कारण भारतातली मालमत्ताही मोजली जाते. बँक ऑफ महाराष्ट्रातली मुदत ठेव, बाणेरचा भाड्याने दिलेला फ्लॅट, कोकणातला वाट्याला आलेला प्लॉट, सगळे जाहीर करायचे. "तिकडचे इकडे कुणाला कळते" हा सल्ला देणारे प्रत्येक पार्टीत एक तरी भेटतात. त्यांचे ऐकू नये. उलट कायद्यात एक सवलत आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. त्या फ्लॅटमध्ये म्हातारे आईवडील राहत असतील आणि इथल्या पेन्शनच्या वयाचे असतील, तर तो फ्लॅट हिशोबात धरत नाहीत. अशी घरे उगाचच अर्ज न करता बसलेली असतात.

मालकाला तास कापण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. करारात तास लिहिलेले असतील तर कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय किंवा करारात तशी तरतूद असल्याशिवाय ते कमी करता येत नाहीत. करारानुसार कामाचा अख्खा दिवस रिकामा गेला, तर दिवसाला ठरावीक मर्यादेपर्यंत (२०२५-२६ मध्ये ३९ पौंड) हमी वेतन मिळते, तीन महिन्यांत पाच दिवसांसाठी. भांडण करायचे नसले तरी करार काढून वाचावा, आणि गोंधळ झाला तर एकास (Acas) या कामगार-मालक तंट्यांत सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन करावा. झीरो-अवरवाल्यांना नियमित तासांची हमी देणारा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झाला, पण ती हमी लगेच लागू झाली नाही.

पेन्शनचे नुकसान तर वीस वर्षांनी कळते. एका नोकरीत आठवड्याला ठरावीक रकमेहून (२०२५-२६ मध्ये १२५ पौंड) कमी कमाई झाली तर त्या नोकरीतून नॅशनल इन्शुरन्सच्या खात्यात काही जमा होत नाही. शंभर-शंभर पौंडांच्या दोन नोकऱ्या केल्या तरी बेरीज होत नाही. पूर्ण सरकारी पेन्शनला साधारण पस्तीस वर्षे लागतात. युनिव्हर्सल क्रेडिट कितीही लहान मिळो, त्या काळाचे श्रेय खात्यात पडते. म्हणून महिन्याला वीस पौंडच मिळणार असतील, तरी अर्ज करावा.

एकदा भत्ता सुरू झाला की पगाराच्या तारखांवर डोळा ठेवावा. दर चार आठवड्यांनी पगार होणाऱ्यांना वर्षात तेरा पगार मिळतात. ज्या मोजणीच्या महिन्यात दोन पडतात, त्यात भत्ता एकदम खाली येतो किंवा शून्य होतो. महिन्याचा पगार सुट्टीमुळे एक-दोन दिवस आधी जमा झाला तरी पूर्वी हाच घोळ व्हायचा. त्याविरुद्ध चार एकट्या आया न्यायालयात गेल्या. त्यांतली एक शाळेच्या जेवणघरात अर्धवेळ काम करणारी होती. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सरकारला नियम बदलावा लागला. चार आठवड्यांच्या पगाराचा घोळ मात्र तसाच आहे, त्यामुळे तो महिना आधीच हेरून ठेवलेला बरा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे भारतात जाणारी घरेही कमी नाहीत. भत्ता घेताना परदेशी राहण्याची मुभा एका महिन्याची आहे. जवळच्या नात्यात मृत्यू झाला तर आणखी एक महिना मिळू शकतो. त्या महिन्यातही वर्क कोचला कळवून, काम शोधण्याची अट सांभाळून जावे लागते. तिकिटे बहुतेक जण फेब्रुवारीत काढतात, तेव्हा परतीची तारीख ठरवताना हा नियम समोर ठेवावा. अर्ज भरायला सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेची फुकट मदत मिळते, फोनवरही, आणि हवा असल्यास दुभाषाही मागता येतो.