त्या गोळीवर हसण्याआधी

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची आत्या नाणे मावळात राहते. दोन वर्षं तिला धाप लागायची. "वय झालं", "रक्त कमी असेल" असं करत करत शेवटी पुण्याला नेलं. इको झाला आणि निदान निघालं, पल्मनरी हायपरटेन्शन. म्हणजे दंडाला पट्टा बांधून मोजलेलं बीपी ठीक, पण फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढलेला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, २० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. नाव सिल्डेनाफिल.

चिठ्ठी घेऊन आत्या एका मेडिकलवर गेली. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी वाचली, शेजारच्याला दाखवली. "काकांसाठी का, मावशी?" दोघंही हसले. आत्याला जे कळायचं ते कळलं. गोळ्या न घेताच ती घरी आली, कुणाला काही बोलली नाही. आठ दिवसांनी पायरी चढताना खाली बसली, तेव्हा आम्हाला समजलं.

हो, सिल्डेनाफिल म्हणजेच व्हायग्रा. पण ही गोळी मुळात 'त्या' कामासाठी शोधलीच नव्हती. फायझर कंपनी इंग्लंडमध्ये हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं, त्यावर औषध शोधत होती. तिथं फारसा उपयोग दिसला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. १९९८ मध्ये अमेरिकेत व्हायग्रा आली. २००५ मध्ये तिथंच हेच औषध फुफ्फुसाच्या या आजारासाठी मंजूर झालं. काम दोन्हीकडे एकच, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणं.

जन्मल्यावर फुफ्फुसातला दाब उतरत नाही, अशा काचेच्या पेटीतल्या बाळांनाही डॉक्टर हे औषध देतात. याच जातीची टॅडालाफिल प्रोस्टेट वाढून लघवी अडणाऱ्या आजोबांना देतात. आता सांगा, हसायचं कुणाला?

याच लाजेची दुसरी बाजू तर जीवघेणी आहे. लोणावळ्यात शनिवार-रविवारची गर्दी आपण बघतोच. कितीतरी जण ही गोळी चिठ्ठीशिवाय घेतात आणि लपवतात. अशा माणसाच्या छातीत दुखायला लागलं की कुणीतरी मायेनं जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतं. व्हॉट्सॲपवर तेच शिकवलंय ना! पण ही दोन औषधं एकत्र आली की बीपी धाडकन खाली येतं, माणूस जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पुड्यांमध्येही हेच औषध मिसळलेलं सापडलेलं आहे, त्यामुळे आपण काय खाल्लं हे खाणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे.

मेडिकलवाल्या बंधूंनो, हे शेड्यूल एचमधलं औषध आहे. चिठ्ठी नसेल तर देऊ नका, आणि चिठ्ठी असेल तर हसू नका.

डॉक्टरांनो, गोळी लिहिताना दोन वाक्यं जास्त बोला. "दुकानात कुणी काही म्हणालं तरी ही तुमच्या फुफ्फुसाचीच गोळी आहे" एवढं सांगितलं असतं, तर आत्या परत फिरली नसती.

आणि पुरुषांनो, छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा आणि गोळी घेतली असेल तर आधी ते सांगा. डॉक्टरांपुढे दोन मिनिटांची लाज परवडते. उलट बाजूनं, धाप लागते म्हणून ही गोळी स्वतःच्या मनानं घेऊही नका. धापेची कारणं दहा असतात.

आत्या आता बरी आहे. गोळी वेळेवर घेते, शेतावर चालत जाते. पण चिठ्ठी घेऊन दुकानात मी जातो. स्वतःचं औषध स्वतः आणायला ती अजून तयार नाही, आणि मला खटकतं ते एवढंच.