खरं सांगू? मला झोप आली!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मित्रांनो, हा लेख छापून आल्यावर 'बी' विंगमध्ये माझं काय होणार आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. तरी लिहितोय.

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. आपल्या होस्टेलचे आम्ही अकरा जण सबमिशन वाऱ्यावर सोडून, रेक्टर सरांना 'लायब्ररीत जातो' असं सांगून (सर, आता सांगायला हरकत नाही ना?) बदलापूरहून लोकल पकडून कल्याणला गेलो. 'डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल'. भारतात पहिलाच दिवस. जपानी, इंग्रजी, हिंदी, तामिळ, तेलुगू, इतक्या भाषांत. आम्ही अर्थातच जपानीवाला शो घेतला, कारण हिंदी डबिंग बघणारा आमच्या विंगमध्ये माणसात धरला जात नाही. आणि मध्यंतरानंतर थोड्या वेळाने मला झोप लागली. डुलकी वगैरे नव्हे, गाढ झोप. रूम पार्टनरने कोपर मारून उठवलं तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती.

परतीच्या लोकलमध्ये एकेक जण सुरू झाला. "काय ॲनिमेशन यार!" "पैसा वसूल!" "अंगावर काटा!" माझी पाळी आली. मी म्हणालो, "सॉलिड होता!"

का म्हणालो? कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. पण अकरापैकी दहा जण एक बोलत असताना अकराव्याने वेगळं बोलायचं म्हणजे पुढचे तीन दिवस मेसमध्ये एकट्याने जेवायची तयारी ठेवायची. आपल्याकडे पिक्चर आवडणं हे आता मत राहिलेलं नाही, ती हजेरी झाली आहे.

ज्या स्टाफ मंडळींना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : कोळसा विकणाऱ्या गरीब घरातला तांजिरो नावाचा मुलगा. राक्षसाने त्याचं घरदार मारलं, बहीण राक्षस झाली. तिला परत माणूस करायचं म्हणून तो तलवार हाती घेतो. शेवटची लढाई त्या इन्फिनिटी कॅसलमध्ये, तिच्यावर तीन पिक्चर, त्यातला हा पहिला. लांबी दोन तास पस्तीस मिनिटं.

आता जागेपणी बघितलेल्या भागाबद्दल प्रामाणिक मत. तो किल्ला म्हणजे कमाल आहे. खोल्यांवर खोल्या, जिने उलटे, छत कुठे आणि जमीन कुठे कळत नाही. फर्स्ट इयरच्या ड्रॉईंग शीटवर ऑर्थोग्राफिक आणि आयसोमेट्रिक एकमेकांत घुसले तर जसं दिसेल तसं, फक्त सुंदर. युफोटेबल स्टुडिओच्या लोकांना दंडवत. पण गोष्टीची चाल? तलवार उचलली की फ्लॅशबॅक. वार लागला की फ्लॅशबॅक. व्हायवाला एक्स्टर्नलने बर्नोलीचं समीकरण विचारावं आणि पोराने 'सर, माझं लहानपण फार कष्टात गेलं' असं सुरू करावं, तसं वाटतं. एकदा चालेल, दोनदा चालेल...

हे मी शेवटी तिसऱ्या दिवशी मेसमध्ये बोललो. आणि बोलताना वाहवत गेलो. म्हणालो, "तो आकाझा! अर्धा पिक्चर त्याचं रडगाणं!" सगळे तुटून पडले, ते अपेक्षितच होतं. माझा रूम पार्टनर मात्र काही बोलला नाही. ताट अर्धवट ठेवून उठून गेला.

हा जळगावकडचा पोरगा. अडीच वर्षं एका खोलीत आहोत. त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे हे मला माहीत होतं, म्हणजे 'माहीत' होतं, आपल्याला सबमिशनची तारीख माहीत असते तसं. आकाझा हा राक्षस होण्याआधी एक पोरगा होता, आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा. पोराने आपल्यासाठी चोरी करू नये म्हणून बाप जीव देतो. हे पडद्यावर चालू होतं तेव्हा मी घोरत होतो, आणि माझ्या शेजारी तो ते बघत होता. रात्री लाईट गेल्यावर (नेहमीप्रमाणे पावसात) तो एवढंच म्हणाला, "तू झोपला होतास, तेवढाच पिक्चर मी बघितला."

म्हणजे जो भाग मी बघितलाच नव्हता त्याला मी रडगाणं म्हटलं होतं. कुठून आलं ते मत? दोन रील्स, एक मीम आणि बाकी माझी बडबड.

या बाबतीत मी एकटा नाही हाच काय तो दिलासा. आमच्या वर्गात उल्हासनगर कॅम्प तीनचा एक डे-स्कॉलर आहे. तांजिरोच्या हिरव्या-काळ्या चौकड्यांचा टी-शर्ट घालून येतो. कुठून घेतलास विचारलं तर डोळा मारून म्हणतो, "मेड इन यूएसए." (फर्स्ट इयरसाठी खुलासा : यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद आपल्या आई-वडिलांच्याही आधीचा आहे.) त्याच्या गावात कपड्यांचा जपानी बाजार आहे, तिथे जपानचं काही मिळत नाही. तसंच याचंही निघालं. वादात सर्वांत मोठा आवाज त्याचा, आणि एक दिवस टपरीवर कबूल केलं की त्याने डीमन स्लेअरचा एकही भाग सलग बघितलेला नाही. फक्त मारामारीचे तुकडे. "टाइम किसके पास है, दुकान पे बैठना पड़ता है." मला त्याचा राग नाही आला. निदान कबूल तरी केलं.

'सोलो लेव्हलिंग'चंही तेच. २०२५ च्या क्रंचीरोल पुरस्कारांत ॲनिमे ऑफ द इयर झालं, विंगमध्ये पूजा. मी दोन्ही सीझन बघितले, जागेपणी. हिरो पहिल्यांदा मार खातो तेवढे दोन भाग झकास. पुढे तो फक्त लेव्हल वाढवत जातो आणि बाकी सगळी पात्रं तोंड उघडून बघत राहतात. आपल्याला आवडतं कारण सीजीपीए तसा वाढत नाही. याउलट 'फ्रीरेन' बघा. हजारो वर्षं जगणारी एक एल्फ बाई, तिच्या हिशोबाने दहा वर्षांचा प्रवास म्हणजे चिमूटभर. बरोबरचा माणूस म्हातारा होऊन गेल्यावर तिला कळतं, आपण त्याला कधी नीट ओळखलंच नाही. हळू आहे, मारामारी कमी आहे, आणि माझ्या मते या सगळ्यांत सरस आहे. हे मी आता पहिल्यांदाच उघडपणे बोलतोय.

जाता जाता 'पंचायत'. चौथ्या सीझनमध्ये (२०२५) दुधी आणि प्रेशर कुकर एवढंच उरलं. निवडणूक संपेपर्यंत फुलेरा गावच हरवलं. पहिला सीझन परत बघा, एका खुर्चीवरून केवढी गंमत केली होती.

आता थोडं स्टाफसाठी. "इंजिनिअर होणार आणि कार्टून बघता?" हे वाक्य आम्ही सर्वांनी ऐकलंय. सर, १९९३ मध्ये रविवारी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं ना? गुलझारांचं शीर्षकगीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज? ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केली होती. म्हणजे तुम्हीही ॲनिमेवरच वाढलात, फक्त तुम्हाला कोणी सांगितलं नाही! आणि युगो साको यांनी राम मोहन यांना बरोबर घेऊन केलेलं १९९२ चं 'रामायण', जे जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे थिएटरला पुन्हा लागलं, तेही जपानीच हातचं. आमची पिढी डोरेमॉन-शिनचॅनवर हिंदी शिकली. मराठीत यातलं काही का येत नाही यावर मी तावातावाने लिहिणार होतो. पण मग आठवलं, मी स्वतः जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल लावतो. गप्प बसलो.

आणि बदलापूरकर म्हणून एक तक्रार. बाहेरगावचा प्रत्येक नवा मुलगा विचारतो, "तो 'बदलापूर' पिक्चर इथलाच ना?" श्रीराम राघवनांचा २०१५ चा तो पिक्चर मला आवडतो. कुटुंब गमावलेला नायक इथे येऊन राहतो हे खरं, पण पिक्चरला खरी गरज होती ती नावातल्या 'बदला'ची. इथले जुने लोक सांगतात की इथे घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. त्या पिक्चरमध्ये ६:१२ च्या लोकलला लटकणारा एक माणूस जरी नीट दाखवला असता तर मी समाधानी झालो असतो.

असो. मुख्य गोष्ट राहिलीच.

त्याच १२ सप्टेंबरला आणखी एक पिक्चर लागला होता : 'दशावतार'. आमच्या अकरापैकी एकालाही, म्हणजे मलाही, त्या दिवशी तो सुचला नाही. वास्तविक मी कुडाळकडचा. माझे मामा वीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत आहेत, राहतात कुळगावात, आणि रविवारी त्यांच्याकडे सोलकढी प्यायला मी जातो. पुढच्या रविवारी मामांनी तिकिटं काढली. मी रूम पार्टनरला बरोबर घेतलं. मेसमधल्या प्रकारानंतर आम्ही जेमतेम बोलत होतो.

(बघितला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री झालेत. नजर अधू होत चाललेला दशावतारी नट. पोराला वाटतं, बाबांनी आता थांबावं. दशावतार म्हणजे काय ते होस्टेलला सांगतो : जत्रेत रात्रभर चालणारं नाटक, लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे, पेटी-मृदंग-झांज, बायकांची कामं पुरुषच करतात. गंमत बघा, तांजिरोचा आजारी बापही नव्या वर्षाच्या रात्री बर्फात पहाटेपर्यंत नाचतो, आणि तोच नाच पुढे पोराची तलवार होतो. तो नाच आमच्या विंगला स्टेपसकट पाठ आहे. संकासुर कोण हे विचारलं तर व्हायवासारखी शांतता.

पेटीचे सूर लागले आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. मध्यंतरापर्यंत मी कुडाळलाच होतो. मग पोराचं बरंवाईट होतं आणि बाबुली एकेक अवतार घेऊन खाणवाल्यांच्या मागे लागतो. बाहेर पडताना मी पार्टनरला विचारलं, कसा वाटला. तो म्हणाला, "पहिला हाफ एक नंबर. दुसऱ्या हाफमध्ये साऊथचा झाला. तो म्हातारा मला चेहरा रंगवताना जास्त मोठा वाटला, मारताना नाही."

मी भडकलो. "तुला कोकणातलं काय कळणार?" रस्त्यात, भर गर्दीत.

मामा पुढे चालत होते. ते वळले आणि शांतपणे म्हणाले, "पयलो अर्धो आमचो. दुसरो अर्धो पिक्चरवाल्यांचो. तुझो मित्र बरोबर सांगता." मग पार्टनरला घेऊन ते रिक्षा स्टँडपर्यंत संकासुराच्या गोष्टी सांगत गेले, लहानपणी तो रंगमंचावर आला की आईच्या मागे कसे लपायचे, पहाटे नाटक संपल्यावर पेटारा डोक्यावर घेऊन नट पुढच्या गावाला कसे चालत जायचे. मी मागे. चिडलेला. दोन दिवसांनी मला कळलं की माझंही मत तेच होतं, पण ते बाहेरच्याने बोललं म्हणून सहन झालं नाही.

घरी मामी 'ठरलं तर मग'च्या मागच्या भागात बुडलेली. मी नेहमीप्रमाणे टोमणा मारला, "मामी, सायली कोण आहे हे त्या घराला कळायला किती वर्षं लावली गं? २०२२ पासून चालूच!" मामीने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "तुमच्या त्या वन पीसवाल्याचा खजिना मिळाला का रे?" मित्रांनो, वन पीस टीव्हीवर १९९९ पासून चालू आहे. अकराशेच्या वर भाग झालेत. मी जेवायला बसलो.

त्याच आठवड्यात 'साबर बोंडं' लागला, रोहन कानवडेंचा, २०२५ मध्येच सनडान्सचं ग्रँड ज्युरी प्राईझ मिळवलेला मराठी पिक्चर. दोन पुरुषांच्या नात्याची गोष्ट म्हटल्यावर विंगमध्ये लगेच दोन गट पडले, रात्री एकपर्यंत वाद. मी विचारलं, कोणी बघितलाय? कोणीच नाही. मलाही जमेल असा शो मिळाला नाही, म्हणून माझं त्यावर मत नाही. मिळाला की सांगेन.

'इन्फिनिटी कॅसल' मात्र मी पुन्हा बघितला. एकटा, सकाळच्या शोला, चहा पिऊन. फ्लॅशबॅक अजूनही चुकीच्या जागी वाटतात, यावर मी ठाम आहे. आकाझाचा भाग पिक्चरमधला सर्वोत्तम आहे, हेही लिहून देतो. खोलीवर येऊन पार्टनरला दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, पहिलं चूक आहे. मग आम्ही अडीच वाजेपर्यंत भांडलो, आणि मधेच केव्हातरी त्याने वडिलांचे नवे रिपोर्ट मोबाईलवर काढून मला दाखवले.

पुढचा भाग आला की माझं तिकीट तोच काढणार आहे. कोपर नीट पोचलं पाहिजे म्हणतो, म्हणून सीट त्याच्या उजव्या हाताला.