गंधाची परीक्षा

सुटींत पेणहून रोह्यास आलेल्या आमच्या नातीनें लहान गंधकारांकडून टपालानें मागविलेल्या पांच अत्तरांच्या कुप्या एकाच सायंकाळीं मनगटावर उघडल्या. सकाळीं मनगट लाल झालें, आणि यांतील कोणतें बाधलें हें तिला सांगतां येईना. घरांत सर्वांनीं अत्तरालाच दोष दिला. आम्हांस तो न्याय पटला नाहीं. दोष उतावळेपणाचा होता.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत सोळा द्रव्यांतून चार-चार घेऊन १८२० योग मोजले आहेत. योग अगणित, म्हणूनच क्रम हवा. प्रथम कोपराच्या आंतील बाजूस एकाच अत्तराचा एकच थेंब लावावा, चोळूं नये, आणि दोन दिवस वाट पाहावी. लिंबाच्या जातीचे वास लवकर उडतात. चंदन, खस मागाहून उमलतात व रेंगाळतात. यास्तव पहिल्या क्षणाच्या वासावरून निर्णय करूं नये. दोन्ही गंधांची स्वतंत्र ओळख पटल्यावरच खालीं चंदन व वर मोगरा, असा थर द्यावा. प्रत्येकाच्या त्वचेची ऊब व स्निग्धता निराळी असते. आजीस शोभलेलें अत्तर नातीस शोभेलच असें नाहीं.

मनगट बरें झाल्यावर कुप्या आम्हीं तिला परत दिल्या. मात्र आठवड्यास एक. चार कुप्या निर्दोष ठरल्या, पांचवी तिनें स्वतःच बाजूस ठेवली. मनाई केली असती, तर ही पारख तिला कोठून आली असती?