सुधारणा आणि परतीची वाट

‘सुधारणा’ हा शब्द आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून मोठ्या मानाने वावरत आला आहे. सुधारणेबद्दल शंका घेणारा तो सनातनी, असा आपला सरळ हिशेब असतो. संगणकाच्या पडद्यावर ‘नवी आवृत्ती तयार आहे’ अशी सूचना येते, तेव्हा आपण ती याच भाविकतेने स्वीकारतो. यंत्र तास-दीड तास स्वतःशी पुटपुटते, पुन्हा सुरू होते, आणि वाय-फायचे चिन्ह मात्र जागेवर नसते. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ‘थांबू या, पुढे पाहू’ म्हणण्याची सोयही बरीचशी गेली. म्हणूनच या प्रकाराकडे निव्वळ तांत्रिक कटकट म्हणून पाहता येत नाही.

वास्तविक यात गूढ काही नाही. राऊटर तोच असतो, संगणकातले वायरलेस कार्डही तेच. कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा एक दुभाषा असतो. दरबार बदलतो, दुभाषा जुनाच राहतो, आणि संवाद तुटतो. २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा काही संगणकांवरच्या जुन्या व्हीपीएन सॉफ्टवेअरचे अवशेष मागे राहिले, आणि त्यांच्यामुळे वायरलेसच नव्हे, तर तारेची जोडणीही बंद पडली. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अद्ययावतीकरणानंतर काही संगणकांचे वाय-फाय बिघडले. त्याची झळ घरांपेक्षा कार्यालये आणि विद्यापीठे यांच्या नेटवर्कांना अधिक बसण्याची शक्यता होती, हे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केले. तेव्हा दोष नेहमी वापरणाऱ्याच्या अडाणीपणाचा असतो, हा समज आधी सोडून द्यायला हवा.

खरी गोम पुढेच आहे. नवा ड्रायव्हर मिळतो इंटरनेटवर, आणि इंटरनेट तर त्या ड्रायव्हरवाचून चालत नाही. किल्ली घरात आणि घराला कुलूप! ज्याच्याकडे दुसरा संगणक आहे, त्याला हा पेच अर्ध्या तासाचा. ज्या घरात एकच जुना लॅपटॉप दोन-तीन भावंडांत फिरतो, त्या घराला तो किती दिवसांचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जाची मुदत काही ड्रायव्हरसाठी थांबत नाही.

आमच्या शहरातल्या मुकुंदवाडीला या पेचाचे एक जुने रूप ठाऊक आहे. २०१९ च्या दुष्काळात तिथली मुले रिकामी भांडी घेऊन रेल्वेने तेव्हाच्या औरंगाबाद स्थानकावर जात आणि पाणी भरून परत येत. परदेशी वृत्तसंस्थांनीही त्याची दखल घेतली होती. पाणी आणि वाय-फाय यांची तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. तहान ती तहान. पण व्यवस्था उभी करणारा शेवटच्या घराचा विचार करीत नाही, तेव्हा जवळच्या वस्तूसाठी दूरची खेप त्या घरालाच घालावी लागते, एवढे साम्य नाकारता येणार नाही.

उपायही सांगायला हवेत. नुसती टीका करून कोणाचे नेट सुरू होत नाही. त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का, हे प्रथम पाहावे. चालत असेल तर दोष बहुधा संगणकात आहे, राऊटरला छळू नये. मोबाइल यूएसबी केबलने संगणकाला जोडून टेदरिंग सुरू केले की बहुतेक वेळा तात्पुरते इंटरनेट मिळते. त्यावरून संगणकाच्या किंवा कार्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या ड्रायव्हरकडे परतण्याचे बटण असते. मागचा ड्रायव्हर जपलेला असेल तरच ते चालते. ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी करावे, कारण त्यात साठवलेले पासवर्ड जातात. आणि सर्वांत स्वस्त उपाय असा, की आवृत्ती बदलण्यापूर्वीच वायरलेसचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवावा.

आता मूळ मुद्दा. विंडोज १० आले तेव्हा जुन्या आवृत्तीकडे परतायला ३० दिवस मिळत. २०१६ मध्ये ते १० केले गेले, आणि विंडोज ११ मध्येही १० च आहेत. वापरणाऱ्याने मुदत आधीच वाढवून घेतली नाही, तर तेवढ्यात जुनी आवृत्ती पुसली जाते. ज्याला बिघाडाचे कारण समजायलाच आठवडा लागतो, त्याच्यासाठी हे दार बंद व्हायला आलेले असते. सुधारणेला आमचा विरोध नाही. सुधारणा करणाऱ्याने जुना दुभाषा जपून ठेवावा, परतीची मुदत ऐपतदारांच्या सोयीने ठरवू नये, आणि दुरुस्तीचे मार्गदर्शन इंटरनेटवाचून व मराठीत वाचता येईल असे संगणकातच ठेवावे, एवढेच मागणे आहे. परतीची वाट बुजवून पुढे नेणाऱ्या गोष्टीला सुधारणा म्हणावे की सक्ती, याचा निर्णय करण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.